एक मनुष्य, दोन नोंदी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३५ साली वृद्धांना निवृत्तिवेतन देण्याचा कायदा झाला आणि त्याबरोबर एक विलक्षण अडचण उभी राहिली. वेतन मिळावयाचे ते वयाच्या पासष्टाव्या वर्षापासून. आणि पुष्कळांचा जन्म तर अशा ठिकाणी झालेला, की तेथे जन्मनोंद ठेवण्याची रीतच नव्हती. मनुष्य समोर उभा आहे, केस पिकलेले आहेत. पण सरकारला कागद पाहिजे! अशा वेळी आधार उरला तो जुन्या खानेसुमारीचा. १९३५ साली जो पासष्ट वर्षांचा, तो १८८० साली दहा वर्षांचा; तेव्हा त्या सालच्या बाडांत तो कोठेतरी असावयासच हवा. परंतु कोणत्या नावाने? गणती करणाराने कानांवर पडले तसे नाव लिहिलेले. एकच स्मिथ कोठे ‘आय’ घालून, तर कोठे ‘वाय’ घालून.

ह्यावर उपाय सापडला तो पिट्सबर्गच्या रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली पेटंट घेतलेल्या युक्तीतून. तिला पुढे ‘साउंडेक्स’ हे नाव पडले. खानेसुमारीत तिचे जे रूप वापरले, त्यात आडनावाचे पहिले अक्षर तसेच ठेवावयाचे, स्वर गाळावयाचे आणि सारख्या ध्वनीच्या व्यंजनांना एकच आकडा द्यावयाचा. ‘एम’ व ‘एन’ यांना एक, ‘डी’ व ‘टी’ यांना एक. मग दोन्ही स्मिथ एकाच गठ्ठ्यात येऊन पडतात. मंदीच्या दिवसांत बेकारांना काम देण्याच्या योजनेतून १८८० सालची कार्डे तयार झाली. तीही फक्त दहा वर्षांच्या आतील अथवा दहा वर्षांची मुले असलेल्या कुटुंबांची.

युक्ती इंग्रजी उच्चारांच्या मापाने बेतलेली, हे मात्र विसरता कामा नये. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत कोणी ‘डी’ने, कोणी ‘जे’ने, तर कोणी ‘जी’ने सुरू करतो, पहिले अक्षर न बदलण्याच्या नियमामुळे एका ज्ञानेश्वराचे तीन ज्ञानेश्वर होतात!

१९४६ साली अमेरिकेचे हॅल्बर्ट डन यांनी ह्या कामाला शास्त्राचे नाव दिले. जन्मापासून मृत्यूपर्यंत प्रत्येकाचे एक जीवनपुस्तक लिहिले जात असते, पण त्याची पाने निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेली असतात. ती एकत्र बांधणे म्हणजे नोंदींची जुळणी, अशी त्यांची कल्पना. ती यंत्राकडून करविली कॅनडाचे आनुवंशिकतेचे अभ्यासक हॉवर्ड न्यूकोम्ब व त्यांचे सहकारी यांनी. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील विवाहांच्या व जन्मांच्या नोंदी गणकयंत्राने कशा जुळविल्या, हे त्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट व्यवहारी माणसाला पटण्याजोगी आहे. दोन नोंदींत ‘पाटील’ जुळले म्हणून काय झाले? पण दहा गावांत मिळून चार घरांचे असलेले आडनाव जुळले, तर त्या साम्याला वजन येते. १९६९ साली फेलेगी व सन्टर यांनी ह्या वजनाचे गणित पक्के केले. त्यांनी निकाल दोन ठेवले नाहीत, तीन ठेवले: एकच, भिन्न आणि संशयित. संशयित जोडी माणसाने डोळ्यांखाली घालावी. सगळ्या शोधात शहाणपणाची जागा हीच होय.

कारण चुका दोन परींच्या. एकाचे दोन झाले तर माहिती विखुरते. पण दोघांचा एक झाला, तर कोणते कोणाचे हेच पुढे कळेनासे होते. संत नामदेव आणि त्यांच्यामागून पुष्कळ काळाने, एकनाथांच्या सुमारास झालेला विष्णुदासनामा यांचे अभंग एका गाथेत मिसळले. ते निवडताना भाषेची ठेवण व उल्लेखांचा काळ पारखण्यात विद्वानांची वर्षे खर्ची पडली. विखुरलेले गोळा करणे सोपे. कालवलेले निवडणे महाकठीण.

आज हाच प्रश्न ‘नॉलेज ग्राफ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड ज्ञानजालांपुढे आहे. त्यांत व्यक्ती, गाव, ग्रंथ अशा प्रत्येकाची एक नोंद असते व त्या परस्परसंबंधांनी गुंफलेल्या असतात. एक लक्ष नोंदी एकमेकींशी ताडून पाहावयाच्या, तर जोड्या सुमारे पाचशे कोटी होतात. म्हणून अजूनही आधी गठ्ठे करून एका गठ्ठ्यातल्याच नोंदी ताडतात. २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटात दोन नोंदी एक केल्या, तरी गेलेल्या नोंदीचा क्रमांक पुसला जात नाही. तो राहिलेल्या नोंदीकडे वाट दाखवीत राहतो. आणि नामसाम्य असून जे खरोखर निराळे, त्यांच्या नोंदीवर ‘हा त्याहून भिन्न’ असे लिहून ठेवण्याची सोय आहे. मागून येणाऱ्या एखाद्या उत्साही गृहस्थाने त्यांना पुन्हा एक करू नये, एवढ्यासाठी.