दुसऱ्या भाषेची जागा

दहावीचा निकाल लागला की आमच्या नवीन पनवेलमध्ये पंधरा दिवस दुसरा विषय नसतो. वाण्याच्या दुकानात, स्टेशनच्या पुलावर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुद्धा अकरावीच्या फॉर्मचीच चर्चा. पूर्वी कॉलेजच्या खिडकीवर रांग लागायची. मुंबईच्या पट्ट्यात 2009 पासून ऑनलाइन प्रवेश आले, आणि 2025 पासून तर सगळ्या राज्यालाच ते लागू झाले. भाग एक, भाग दोन, पसंतीक्रम, पहिली फेरी, कट-ऑफ... ही परिभाषा आता आज्ज्यांनाही पाठ आहे. मला अशा गोष्टींत रस आहे हे बिल्डिंगमध्ये माहीत असल्यामुळे दोन-चार घरांतली मुलं दरवर्षी फॉर्म घेऊन येतात.

गंमत म्हणजे या सगळ्या गदारोळात कॉलेज कुठलं, शाखा कुठली, यावर तासन् तास बोलणं होतं. विषय कुठले, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. विषय पाकिटात बांधूनच येतात. "पीसीएमबी विथ आयटी" म्हटलं की झालं. थाळी मागवल्यासारखं.

मला त्या थाळीतल्या एकाच वाटीबद्दल लिहायचं आहे.

हिशोब साधा आहे. बारावी पास व्हायला सहा मुख्य विषय लागतात आणि प्रत्येकात 35 टक्के. (पर्यावरण आणि शारीरिक शिक्षण वेगळं, त्याची चिंता कोणी करत नाही.) पहिली जागा इंग्रजीची, ती सक्तीची. दुसरी जागा दुसऱ्या भाषेची. मराठी, हिंदी, संस्कृत, जर्मन, कुठलीही घ्या. मग उरतात चार ऐच्छिक विषय. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी घेतले की त्या चार जागा भरतात. म्हणजे मराठीला जागा शिल्लक आहे. पण नियमात एक पळवाट आहे. दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी, घेता येतं. किंवा दोनशे मार्कांचा 'बायफोकल' विषय घेता येतो. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे. तो दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय अशा दोन जागा एकदम खातो. सायन्सच्या मुलाला गणित सुटतं की नाही माहीत नाही, मराठी मात्र हमखास सुटते.

आता यात नवीन काय, असं कोणी म्हणेल. नवीन काहीच नाही. ही दुसऱ्या भाषेची जागा गेली दीडशे वर्षं अशीच आहे. तिथे काय बसवायचं ते शिकणाऱ्यापेक्षा आजूबाजूच्या लोकांनीच जास्त ठरवलं आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं आणि 1859 साली पहिली मॅट्रिक झाली. 132 जण बसले, 22 पास झाले. त्या बावीस जणांत महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. अगदी सुरुवातीच्या काळात विद्यापीठाला देशी भाषांचं वावडं नव्हतं. पण 1860च्या दशकातच वरच्या परीक्षांतून मराठी-गुजरातीला काढून टाकलं आणि त्या जागी अभिजात भाषा बसवल्या. संस्कृत, लॅटिन, फारसी अशा. तर्क असा होता की देशी भाषांत शिकवण्याजोगं वाङ्मय नाही. रानडे हे या धोरणाशी पुढे अनेक वर्षं भांडत राहिले. शेवटी मराठी एम.ए.च्या परीक्षेत आली ती 1901 च्या सुमाराला, त्यांच्या आयुष्याच्या अगदी शेवटी. म्हणजे ज्या विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीतले ते विद्यार्थी, तिथे स्वतःच्या भाषेला जागा मिळवण्यात त्यांचा जन्म गेला असंच म्हणायचं.

त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायस्कुलात गेलेल्या मुलापुढे प्रश्न असायचा तो संस्कृत की फारसी, असा. हुशार मुलगा संस्कृत घेणार हे बहुतेक गृहीत असे. आणि इथेच सगळ्यात कडू गोष्ट येते. भीमराव आंबेडकर 1907 साली मॅट्रिक झाले, मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून. त्यांना संस्कृत शिकायचं होतं. शिक्षकाने महार मुलाला संस्कृत शिकवायला नकार दिला. फारसी घ्यावी लागली. पुढे बाबासाहेबांनी संस्कृत स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतलं आणि त्या भाषेतल्या ग्रंथांची उलटतपासणी केली, ते आपल्याला माहीत आहे. पण मी विचार करतो तो त्या वयाचा. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, यादीत विषय आहे, नियमाने घेता येतो, आणि समोरचा माणूस म्हणतो तुला नाही. यादीत विषय असणं आणि तो मिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आमच्या रायगड जिल्ह्यातले (तेव्हाचा कुलाबा) दोन मुलगे त्याच काळातले. एक विनोबा. जन्म 1895, पेण तालुक्यातलं गागोदे. शिक्षण बडोद्याला. वडिलांची इच्छा मुलाने फ्रेंच घ्यावं, आईची इच्छा संस्कृत घ्यावं. शाळेत वडिलांचं चाललं, विनोबांनी फ्रेंच घेतलं. संस्कृत ते घरी शिकले. आणि 1916 साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला जायचं सोडून वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. तेव्हा दुसऱ्या भाषेच्या मार्कांचा प्रश्नच मिटला! (सर्टिफिकिटं तर त्यांनी त्याआधीच चुलीत घातली होती. हा मार्ग मी कोणाला सुचवत नाही.)

दुसरा मुलगा चिंतामण द्वारकानाथ देशमुख. जन्म 1896, महाडजवळचं नाते गाव. वडील रोह्याला वकील. 1912 च्या मॅट्रिकला हा मुलगा सगळ्या इलाख्यात पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळवली. मग केंब्रिजला जाऊन निसर्गविज्ञान शिकला, वनस्पतिशास्त्रात बक्षीस घेतलं, आय.सी.एस.ला पहिला आला. 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, 1950 मध्ये अर्थमंत्री. मेघदूताचा मराठी अनुवाद केला तो निराळाच. संस्कृत, बॉटनी, बँक, कविता. आजच्या फॉर्मवर या मुलाची शाखा कुठली टिक करायची, सांगा.

असो. मॅट्रिक गेली आणि एस.एस.सी. आली. मुंबई राज्याने 1948 साली परीक्षा मंडळासाठी कायदा केला आणि 1949 पासून मॅट्रिकऐवजी एस.एस.सी. सुरू झाली. ही जुनी अकरावी. आमच्या आधीच्या पिढीला ती अजून जिभेवर आहे. त्यात विषय आठवीपासून निवडायचे असत, आणि खरी फाटाफूट भाषेवर नव्हती, गणितावर होती. बीजगणित-भूमिती घ्यायची की नुसतं अंकगणित? मुलींना बहुतेक ठिकाणी अंकगणित आणि शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र या वाटेला लावत. माझी आई त्यातलीच. तिला विचारलं होतं का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "विचारायचं काय त्यात, बाईंनी वर्गात सांगितलं मुली इकडे बसा, मुलगे तिकडे." झालं. तेराव्या वर्षी बाक बदलला आणि सायन्स कॉलेजचं दार बंद झालं, ते दार आहे हे कळायच्या आधीच.

हे बंद केलं कोठारी आयोगाने. 1964 ते 66 या काळात आयोगाने काम केलं आणि सांगितलं की दहावीपर्यंत सगळ्या मुलामुलींना गणित आणि विज्ञान सारखंच, फाटे नंतर. महाराष्ट्रात हे अमलात आलं ते 1975 साली. त्या वर्षी जुन्या अकरावीची शेवटची तुकडी आणि नव्या दहावीची पहिली तुकडी दोन्ही एकाच वर्षी एस.एस.सी. झाल्या. घरात मोठा भाऊ अकरावीतून आणि धाकटी बहीण दहावीतून एकदमच एस.एस.सी., असे प्रकार तेव्हा झाले. नव्या दहावीने मुलींना बीजगणित दिलं. मला विचाराल तर शिक्षणाच्या इतिहासात विषयनिवडीचं स्वातंत्र्य काढून घेतल्याने इतकं भलं क्वचितच कधी झालं असेल.

दहावीत त्यानंतर निवडायला फारसं उरलं नाही. भाषांत तेवढं राहिलं. पूर्ण हिंदी, पूर्ण संस्कृत, किंवा पन्नास-पन्नास संयुक्त. मी स्वतः संयुक्त घेतलं होतं. आमच्या वर्गातल्या कोणी कालिदासासाठी संस्कृत घेतलं असेल असं मला वाटत नाही. संस्कृत 'स्कोअरिंग' होतं. मराठीत निबंधाला वीसपैकी तेरा मिळतात, संस्कृतात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. ज्या भाषेसाठी आंबेडकरांना नकार ऐकावा लागला ती भाषा आम्हाला टक्केवारीसाठी हवी होती.

मग आली ती 2008 ते 2010 ही तीन वर्षं, ज्यांत राज्य सरकार आणि न्यायालय यांची मार्कांवरून जुगलबंदीच झाली. दुसऱ्या बोर्डांची मुलं टक्क्यांत पुढे जातात म्हणून आधी पर्सेंटाइल, मग नव्वद-दहा कोटा. दोन्ही मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. तिसऱ्या वर्षी 'बेस्ट ऑफ फाइव्ह', म्हणजे सहापैकी चांगल्या पाच विषयांचेच मार्क धरायचे. उच्च न्यायालयाने तेही रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलं. तेव्हापासून सगळे विषय पास व्हायला लागतात खरे, पण एक विषय मोजणीतून माफ. तो माफ होणारा विषय कित्येक घरांत मराठी असतो, हे मी मार्कशीट बघून सांगतो.

आणि ही सवय मुलं अकरावीत घेऊन येतात. मागे आमच्या शेजारची मुलगी आली होती. त्यांचं मूळ गाव विमानतळाच्या जागेत गेलं, घरात आजी अजून आगरी बोलते. मुलीला डॉक्टर व्हायचं आहे, आणि मराठीची आवड आहे. "काका, बायो घेऊन मराठी ठेवता येतं ना?" नियमाने येतं. मी तसं सांगितलं. तिच्या वडिलांनी कॉलेजला विचारलं. उत्तर आलं, सायन्सला मराठीची बॅच नाही, आयटीच आहे. यात कोणाचा दुष्टावा नाही. पुरेशी मुलं नाहीत म्हणून तास नाहीत. तास नाहीत म्हणून शिक्षकाचा कार्यभार नाही. शिक्षक नाही म्हणून विषय नाही, आणि विषय नाही म्हणून मुलं नाहीत.

तिच्या आईचं म्हणणं वेगळं. "भावजी, आयटीत नव्वद कुठे गेले नाहीत. मराठीत कोण देणार?" माझं त्यांना सांगणं एवढंच होतं की हे नव्वद मोजणार कोण आहे? बारावीच्या मार्कांवर मेडिकल मिळायचं तो जमाना गेला. आधी राज्याची सीईटी आली, मग नीट. तिथे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीच्या पलीकडे काही विचारत नाहीत. बारावीचे मार्क बघतात ते पात्रतेपुरते, आणि त्यातही आयटी धरत नाहीत. साध्या बी.एस्सी.ला टक्के लागतात, हे मान्य. पण डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीने मार्कांसाठी मराठी सोडायची, तर ते मार्क कुठल्याच खात्यात जमा होत नाहीत. सवय शिल्लक आहे, कारण संपलंय.

वहिनींना हे पटलं की नाही माहीत नाही. पण मुलीने पसंतीक्रमात मराठी असलेलं कॉलेज वर घातलं, घरापासून लांब असूनही, आणि तिला ते मिळालं. वर्गात मराठीला सायन्सची अकराच मुलं आहेत म्हणाली. तिच्या आजीच्या ओव्या तिने एका प्रोजेक्टसाठी लिहून काढल्या, त्या मला दाखवायला आणल्या होत्या. चांगलं काम आहे. (बायोची जर्नल मात्र अपुरी होती, त्यावरून घरी बोलणी बसली.)

मराठीच्या नावाने अलीकडे बरंच झालं. 2020 साली कायदा झाला, सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची. ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला. ज्या 'अभिजात' नसल्याच्या सबबीवर 1860च्या दशकात तिला बाहेर काढलं होतं, तोच शब्द आता तिच्या नावामागे लागला. रानड्यांना हसू आलं असतं. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय आला आणि त्यावर एवढं रान उठलं की 29 जूनला सरकारने तो मागे घेतला. 5 जुलैला वरळीत विजयी मेळावा झाला. पहिलीतल्या तिसऱ्या भाषेसाठी एवढं झालं. 2020 चा कायदा दहावीला थांबतो. अकरावीतली दुसरी भाषा गेली कित्येक वर्षं गुपचूप निघून जाते आहे, त्यासाठी काही साहित्यसंस्था निवेदनं देत असतात, पण मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही.

2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात अकरावी-बारावीला दोन भाषा सांगितल्या आहेत, आणि त्यांतली निदान एक भारतीय. हे जसंच्या तसं अमलात आलं तर आयटीला भाषेच्या जागेवरून उठावं लागेल, ऐच्छिक विषयांत जाऊन बसावं लागेल. मग प्रत्येक सायन्स कॉलेजला भाषेचा शिक्षक नेमावा लागेल. मुलं त्यातलं मराठी घेतील की पुन्हा स्कोअरिंग म्हणून संस्कृत, की क्लासवाला सांगेल ते, हे बघायला मी नवीन पनवेलच्या याच बिल्डिंगमध्ये बसलेलो असेन. फॉर्म घेऊन या.