फोर्ड व एडिसन यांची न निघालेली मोटर

विजेवर चालणारी मोटर ही अगदीं अलीकडची कल्पना आहे, असा समज आमच्या विद्यार्थ्यांतच नव्हे, तर चांगल्या बहुश्रुत गृहस्थांतहि आढळतो. इतिहासाची साक्ष निराळी आहे. सन १९०० च्या सुमारास अमेरिकेंत एका वर्षांत ४,१९२ मोटारी तयार झाल्या; त्यांत वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६ होत्या. ताशीं शंभर किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडली, तीहि सन १८९९ मध्यें झेनात्झी नांवाच्या बेल्जियन गृहस्थानें विजेच्याच गाडींत बसून.

मग ही आघाडी गेली कोठें? नेहमीचें उत्तर असें कीं, १९१२ सालीं कॅडिलॅक गाडीला केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला, हँडल मारण्याचा त्रास संपला, आणि पेट्रोलची गाडी निर्वेध झाली. विजेच्या गाडीचा घात विजेच्याच एका लहानशा यंत्रानें करावा, हा दैवदुर्विलास खराच. परंतु आमच्या मतें मुख्य कारण किंमतीचें होतें. त्याच सुमारास पेट्रोलची साधी गाडी ६५० डॉलरांस मिळे. विजेच्या गाडीस १,७५० पडत. तिच्या कारखानदारांनीं शहरांतील श्रीमंत स्त्रियाच डोळ्यांपुढें ठेवल्या होत्या. गाडी कसली, फुलदाणीसकट सजविलेला दिवाणखानाच तो! खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा अशीच एक विजेची गाडी वापरीत असे.

त्या फोर्डनेंच ही गाडी सामान्यांच्या दारीं नेण्याचा घाट घातला, हें मात्र फारसें कोणास ठाऊक नसतें. फोर्ड तरुणपणीं डेट्रॉइट येथें एडिसनच्या नांवाच्या वीज-कंपनींत इंजिनियर होता. १८९६ सालीं त्यानें आपल्या पेट्रोल-गाडीची हकीकत खुद्द एडिसनला सांगितली, तेव्हां विजेच्या त्या महर्षीनें त्याची पाठच थोपटली. जानेवारी १९१४ मध्यें शिष्यानें जणूं गुरुदक्षिणा जाहीर केली: एडिसनच्या बॅटरीवर चालणारी स्वस्त गाडी निघणार, किंमत ५०० ते ७५० डॉलर. आदल्याच वर्षीं फोर्डच्या कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर गाड्या जुळविण्यास आरंभ झाला होता. तेव्हां त्याच्या शब्दावर लोकांनीं विश्वास कां ठेवूं नये?

अडचण बॅटरीची होती. एडिसननें निकेल व लोखंड यांची बॅटरी सिद्ध करण्यांत वर्षानुवर्षें घालविलीं. तिची पहिली आवृत्ति गळूं लागल्यामुळें त्यास ती परत घ्यावी लागली. १९०९ ची सुधारलेली आवृत्ति विलक्षण टिकाऊ निघाली, पण महाग होती, आणि थंडींत तिचा जोर ओसरे. शिशाची बॅटरी घ्यावी, तर ती जड. प्रयोगापुरत्या गाड्या झाल्या, विक्रीस एकहि आली नाहीं. सरकत्या पट्ट्यानें मजुरी उतरते, वेळ वांचतो; परंतु धातूची किंमत व रसायनाचा स्वभाव त्याच्या आज्ञेंत नसतात. फोर्डचा हिशेब येथेंच चुकला, असें आम्हांस वाटतें. शिवाय घरीं वीज हवी ना! १९३५ पर्यंत अमेरिकेंतील दहा शेतकऱ्यांपैकीं जेमतेम एकाकडे ती पोंचली होती.

याहून शहाणपणाचा प्रयोग हार्टफोर्ड येथील वीज-कंपनीनें केला. गाडी गिऱ्हाइकानें विकत घ्यावी, बॅटरी कंपनीची. ती उतरली कीं बदलून घ्यावी आणि मैलागणिक पैसे द्यावेत. मालवाहू गाड्यांपुरती ही सोय १९२४ पर्यंत चालली.

पुढें १९९१ मध्यें लिथियम-आयनची बॅटरी बाजारांत आली, आणि २०१० नंतरच्या दशकांत तिची किंमत सुमारें नऊ-दशांशानें उतरली. तेव्हां कोठें २०२० सालीं चीनमध्यें २८,८०० युआनांपासून मिळणारी चिमुकली वूलिंग गाडी निघूं शकली.

आपल्याकडे प्रारंभ मोटारीनें झालाच नाहीं. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेंत डॉ. अनिल राजवंशी यांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस सायकल-रिक्षावाल्याचे कष्ट पाहून विजेची रिक्षा सिद्ध करण्याचे प्रयोग केले. २०१० नंतर दिल्लींत अशा तीनचाकी गाड्या कोणाच्या परवानगीवांचून हजारोंनीं धांवूं लागल्या. २०१४ मध्यें तेथील उच्च न्यायालयानें त्यांवर बंदी घातली, आणि १९८८ च्या मोटार-कायद्यांत दुरुस्ती होऊन त्यांस मान्यता मिळाली ती २०१५ सालीं. त्यांतील बहुतेकींच्या बैठकीखालीं जी बॅटरी होती, ती एडिसनला जिचा कंटाळा आला होता, तीच शिशाची.