बोर्डिंगची पंगत

‘बोर्डिंग’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की त्याचे मूळ जेवणात आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे फळी. मग जेवणाची फळी. मग तिच्यावर वाढलेले अन्न. ‘वसतिगृह’ या आपल्या शब्दात केवळ राहणे आले, ‘छात्रालया’त केवळ छात्र आले. जेवण आले ते परक्या शब्दातून. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या सहजीवनाचा इतिहास खोल्यांचा न लिहिता पंगतींचा लिहावा, असे आम्हांस वाटते. आणि नंदुरबारकडून पाहू लागले की तो तसाच लिहावा लागतो.

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहू. तेथील मोठ्या सार्वजनिक विद्यापीठांच्या परिसरात दारावर ग्रीक अक्षरे मिरविणारी बंधुमंडळे आणि भगिनीमंडळे असतात. 1776 मधील ‘फाय बीटा कप्पा’पासून ही परंपरा मोजतात. आत कोणास घ्यायचे हे आधीच आत असलेले ठरवितात. शपथ, गुप्त विधी, नवागतांची छळवजा परीक्षा हे सारे त्यात येते. गोऱ्यांच्या मंडळांची दारे बंद असल्याने 1906 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ हे स्वतःचे बंधुमंडळ स्थापिले. त्याच वर्षी मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केले. हा योगायोगच, पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता. ज्याला कोणी आपल्या घरात घेत नाही, त्याने शिकायचे कोठे राहून?

आपल्याकडे शपथेने बांधलेली तरुणांची मंडळे नव्हती असे नाही. 1904 ची ‘अभिनव भारत’ हे त्याचे उदाहरण, आणि तिचे प्रवर्तक सावरकर 1905 मध्ये विदेशी कपड्यांच्या होळीपायी फर्ग्युसनच्या वसतिगृहातून काढले गेले. परंतु ती राजकीय संघटना होती. विद्यार्थीजीवनाची आपली खरी संस्था म्हणजे बोर्डिंग. आणि तिच्या दारावर ग्रीक अक्षरांच्या जागी जातीचे नाव होते.

हे घडले कोल्हापुरात. राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींचे एकच वसतिगृह चालविण्याचा प्रयोग शाहू महाराजांनी 1896 मध्ये करून पाहिला. थोड्याच वर्षांत तेथे एकाच वर्गाची मुले उरली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच सुमारास जैन बोर्डिंग, पुढे मुसलमानांचे, लिंगायतांचे, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जात मोडू पाहणाऱ्या राजाने जातवार घरे का बांधावीत, हा प्रश्न आमच्या वर्गांत दरवर्षी विचारला जातो. उत्तर पंगतीत आहे. एका छपराखाली मुले झोपली असती. एका चुलीवर जेवली नसती.

याचा पुरावा त्याच गावात मिळाला. जैन बोर्डिंगात राहणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास गेला आणि परतल्यावर स्नान करून कपडे बदलण्यास त्याने नकार दिला. त्यापायी त्यास बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. याच भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवावयास लावले. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहूंचे नाव मिळाले. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी मंगळसूत्र मोडले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिची आता सुभाषिताप्रमाणे उजळणी होते. पण त्या काळी वसतिगृह चालविणे म्हणजे मुख्यतः धान्य मिळविणे होते, एवढे तरी तीतून नीट कळते.

आंबेडकरांचा अनुभव याच धाग्यात बसतो. 1913 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा आधी हार्टले हॉलमध्ये राहिले. तेथील अन्न रुचले नाही म्हणून हिंदी विद्यार्थी राहत त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, असे चरित्रकार सांगतात. पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाशी त्यांची जन्माची मैत्री जडली. 1917 मध्ये बडोद्यास आल्यावर मात्र पारशी धर्मशाळेतूनच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 च्या जानेवारीत सोलापुरास वसतिगृह काढले, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. दलित साहित्याच्या अभ्यासकांना पुढचे सांगावयास नको. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय (1950), त्या परिसरात उभे राहिलेले ‘अस्मितादर्श’, आणि वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह, जेथे दलित पँथरचा वावर होता. साहित्यिक चळवळींचे श्रेय आपण नियतकालिकांना देतो. रात्री दोनपर्यंत दिवा जळत असलेल्या खोल्यांना देत नाही.

आता नंदुरबार. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्येच्या सुमारे 69 टक्के आदिवासी, साक्षरता सुमारे 64 टक्के, राज्यात सर्वांत कमी. येथे बोर्डिंग कोणा एका जातीच्या दात्याने काढलेले नसते. आश्रमशाळा असते, आणि तिच्यानंतर आदिवासी विकास विभागाचे शासकीय वसतिगृह. त्यांचा कारभार नंदुरबार आणि तळोदा या दोन प्रकल्प कार्यालयांतून चालतो. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातला मुलगा सहा-सात वर्षांचा असताना घर सोडतो आणि पदवी घेईपर्यंत सामायिक खोलीत वाढतो. हजेरीपटावर वसावे, वळवी, पाडवी, पावरा, गावित ही आडनावे एकाखाली एक येतात. कोणी भिल्ली बोलतो, कोणी पावरी, कोणी मावची. शेजारच्या खाटेवरच्याची बोली पुरती कळत नाही, तेव्हा मराठी ही दोघांची सामायिक भाषा होते. ‘आदिवासी’ हे सर्वांना कवेत घेणारे नाव ज्या ठिकाणी रोजच्या वापरात आले, त्यांत मोर्च्यांइतकाच वसतिगृहांचाही वाटा आहे, असे आमचे मत आहे.

या भूमीला बंधुत्वाची भाषा नवी नाही. तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी 1930 च्या दशकात आपल्या अनुयायांना दारू सोडावयास सांगितली, आणि परस्परांना ‘आप’ म्हणावयास सांगितले. ज्यांना गावचा सावकार ‘अरे’खेरीज हाक मारीत नव्हता, ते एकमेकांना ‘आप’ म्हणू लागले. पुढे 1972 पासून शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्यात वावरलेल्या वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ 1987 मध्ये आला. नर्मदाकाठी बुडीत गावांत 1990 च्या दशकाच्या आरंभी आंदोलनाने जीवनशाळा काढल्या, त्याही निवासी. सरकारचे वसतिगृह असो की सरकारशी भांडणाऱ्यांची शाळा, डोंगरात शिकणे म्हणजे एकत्र राहणे, हे दोघांनी सारखेच मानले.

‘कोसला’ (1963) पुन्हा वाचताना हा फरक जाणवतो. पांडुरंग सांगवीकर हाही खानदेशचाच; पुण्याच्या वसतिगृहात येतो, सचिव होतो, प्रिफेक्ट होतो, गॅदरिंगचे नाटक बसवितो आणि रिता होऊन गावी परततो. पण त्याच्यापाशी परतण्यासाठी शेतीवाडीचे घर आणि पैसे पाठविणारा बाप होता. वसतिगृहाला कंटाळणे हीदेखील एक सोय असते.

सहजीवनाची काळी बाजू आहेच. 1999 मध्ये महाराष्ट्रास रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला. 2019 च्या मे महिन्यात जळगावच्या तडवी भिल्ल समाजातील एका डॉक्टर तरुणीने मुंबईतील आपल्या वसतिगृहात आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याचा आरोप बरोबरीच्याच वरिष्ठ स्त्री-डॉक्टरांवर झाला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनापासून (1889) स्त्रियांच्या वसतिगृहांचा जो इतिहास आपण भगिनीभावाचा म्हणून शिकवितो, त्यास हे प्रकरण जोडूनच शिकवावयास हवे.

आणि शेवटी पुन्हा जेवण. 2018 मध्ये शासनाने मोठ्या शहरांतील व जिल्ह्याच्या ठिकाणच्या आदिवासी वसतिगृहांत भोजनाऐवजी त्याची रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात भरण्याचे ठरविले. वरवर पाहता हे स्वातंत्र्यच: ठेकेदाराची पातळ डाळ टळली, हवे ते खावे. तरीही त्या जुलैत आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी आयुक्तालयाकडे पायी निघाले. पोलिसांनी त्यांना वाटेत अडविले. रक्कम वेळेवर येत नाही, आलेली घरच्या अडचणीत जाते, ही त्यांची मांडलेली कारणे. मांडले न गेलेले एक कारण आम्हांस त्यात दिसते. मेस बंद झाली की संध्याकाळी साडेसातला सर्वांनी एका जागी येण्याचे निमित्त संपते. डाळ पातळ असल्याची तक्रारही मग एकेकट्याने करावयाची.