फॅनी पार्क्सच्या रोजनिशीतला बर्फ

फॅनी पार्क्स (१७९४–१८७५) ही ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जकात अधिकाऱ्याची पत्नी. १८२२ साली ती भारतात आली. रोजनिशीच्या आधारे लिहिलेले तिचे प्रवासवर्णन १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. ग्वाल्हेरच्या पदच्युत बायजाबाई शिंदे यांच्याशी तिचा झालेला स्नेह त्यात आहे. पण आम्हांला अधिक मोलाची वाटते ती अलाहाबादच्या बर्फाची नोंद. तेथे बर्फाचे काम तिच्या नवऱ्याकडे होते.

थंडीत उथळ खड्ड्यांत कोरडा पेंढा अंथरून त्यावर मातीच्या पसरट थाळ्यांत थोडे पाणी ठेवत. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर हवेचे तापमान शून्यापर्यंत उतरले नसले तरी पहाटेपर्यंत पाणी गोठे. असे का होते? पाण्यातील उष्णता प्रारणाने मोकळ्या आकाशाकडे जाते आणि जमिनीची ऊब पेंढा अडवतो. प्रारणाचे हे कारण विल्यम वेल्स यांनी १८१४ मध्ये मांडले. मात्र कोणत्या रात्री थाळ्या भरायच्या, हे मजुरांना त्याआधीच ठाऊक होते. रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्येच या पद्धतीचे वर्णन केले होते.

वर्गात प्रारण शिकवताना वेल्स यांच्याबरोबर या मजुरांचाही उल्लेख आपण करायला हवा. त्यांची ओळख अशा रोजनिश्यांतूनच होते.