पाणी होते, बीज नव्हते

राजेश्वर हे बसवकल्याण तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे गाव. समुद्र इथून फार लांब. बिदर जिल्ह्यातल्या मांजरा आणि कारंजा या नद्या गोदावरीच्या वाटेच्या, तर मुल्लामारीचे पाणी भीमेवाटे कृष्णेला जाते. दोन्ही खोऱ्यांच्या या कडेवर मासेशेती ही सरकारी योजनांबरोबर आलेली नवी गोष्ट, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मासे पाळायला पाणी, खाद्य आणि बीज अशा तीन गोष्टी लागतात. त्यातले पाणी आणि खाद्याचे ज्ञान या मुलखात बाराव्या शतकातच होते. अडले होते ते बिजापाशी.

पुरावा बसवकल्याणचाच आहे. ही चालुक्यांची राजधानी कल्याणी. इथे तिसऱ्या सोमेश्वराने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा शंभर प्रकरणांचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातल्या मत्स्यविनोद या, गळ टाकण्याच्या खेळावरच्या प्रकरणात सुमारे पस्तीस जातींचे मासे येतात. समुद्रातले कोणते आणि गोड्या पाण्यातले कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, मोठे, मध्यम, लहान कोणते, अशी त्यांची वर्गवारी केलेली आहे. पुढे कोणत्या माशाला काय चारावे तेही सांगितले आहे: कुणाला तिळाचे किंवा पिठाचे गोळे, कुणाला मांस. आजचा तळेवाला शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा कालवून टाकतो, त्यामागचा विचार याहून वेगळा नाही. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लिहिले, आणि राजाच्या करमणुकीत दडलेले हे निरीक्षण मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकांपुढे आले.

यावर कुणी म्हणेल, हा तर राजाचा गळ टाकण्याचा खेळ, याला शेती कशी म्हणायची? आक्षेप रास्त आहे आणि मीही त्याला शेती म्हणत नाही. पण खेळासाठी का होईना, माशाला ठरावीक जागी रोज चारा घालून पोसायचे, त्याची आवड ओळखायची, हे काम राजाने स्वतः केले नसणार. पाण्यात उतरणाऱ्या माणसांचे ज्ञान दरबारात पोचले आणि पोथीत उतरले, असे मानणेच सयुक्तिक आहे. त्या माणसांची नावे पोथीत नाहीत, याची मला खंत वाटते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बांधलेल्या तलावांतल्या माशांवर राजाचा हक्क सांगितला आहे. जाळे भोयाचे आणि पाणी दुसऱ्याचे, ही विभागणी तितकीच जुनी आहे.

मग इतके ठाऊक असून पुढची पायरी का चढली गेली नाही? याचे उत्तर माशाच्या शरीरात आहे. रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या पाण्याचे मासे. पुराचे पाणी काठावर पसरले की ते अंडी सोडतात. तळ्यात ते वाढतात, मादीचे पोट अंड्यांनी भरते, पण पूर येत नाही. पावसाळा सरतो आणि अंडी अंगातच जिरून जातात. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या फान ली याच्या नावावर तळ्यातल्या माशांवरचे पुस्तक सांगितले जाते. तिकडचा सामान्य कार्प साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो, म्हणून तिथे तळ्यातूनच पुढच्या वर्षीचे बीज मिळाले. चिनी शेतकरी जास्त हुशार होता असे नव्हे. त्याच्या वाट्याला सोयीचा मासा आला.

आपल्याकडे बीज नदीतूनच गोळा करावे लागे. बंगालचे व्यापारी ते मातीच्या मडक्यांतून लांबवर पाठवत आणि ते जगावे म्हणून वाटेत माणसे हाताने पाणी हलवत बसत. त्यात नको त्या जातीची पिल्लेही भेसळ होऊन येत. ही अडचण १० जुलै १९५७ रोजी ओडिशात सुटली. हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालची पियुषिका ग्रंथी काढून तिचा अर्क मादीला टोचला आणि बंद पाण्यात अंडी मिळवली. पुढे ही रीत देशभर पसरली. संध्याकाळी इंजेक्शन, हाप्यात, म्हणजे पाण्यात टांगलेल्या कापडी पेटीत, एक मादी आणि दोन नर, पहाटेपर्यंत अंडी. मग मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच फुटलेली पिल्ले, आणि काही आठवड्यांनी बोटाएवढी बोटुकली. पुराची वाट पाहणे संपले.

दुसरा आक्षेप दुष्काळाचा. इथली तळी उन्हाळ्यात आटतात, तिथे कसली मासेशेती? मला वाटते, बीज हाती आल्यावर हाच दोष उपयोगी पडतो. तळे आटले की त्यातले शिकारी मासेही बहुतेक संपतात. पावसाळ्यात पाणी भरताच बोटुकली सोडावी, आठ-दहा महिन्यांत मासा विकण्याजोगा होतो. मात्र दरवर्षी नवे बीज वेळेवर मिळाले पाहिजे. ऑगस्टऐवजी ते ऑक्टोबरात आले, तर वाढीचे दोन चांगले महिने हातचे जातात. कर्नाटकाचे पशुवैद्यकीय, पशु आणि मत्स्यविज्ञान विद्यापीठ बिदरलाच आहे, पण त्याचे १९६९चे मत्स्य महाविद्यालय समुद्रकाठी मंगळूरला आहे. कोरड्या मुलखातल्या हंगामी तळ्यांचा अभ्यास या मुलखातच झाला पाहिजे.

बिजाच्या या हिशेबात राहिला मरळ. हवेतला श्वास घेणारा हा मासा आटत्या तळ्याच्या चिखलातही तग धरतो आणि साचल्या पाण्यातच वितो. काठच्या गवतात जागा साफ करून मादी तरंगती अंडी घालते आणि बाप लालसर पिल्लांच्या थव्याची राखण करतो. शेजारच्या तेलंगणाने त्याला राज्यमासा केले आहे. पुराची त्याला गरज नाही, तरीही त्याचे बीज महाग पडते, कारण पिल्लांना जिवंत खाद्य लागते आणि भूक भागली नाही की ती एकमेकांना खातात.