तामणातले तांबे आणि कायथ्याचे टेकाड

भाद्रपद आला की माळ्यावरची तांब्याची भांडी खाली येतात. तामण, पळी-पंचपात्र, कलश चिंच-मिठाने घासून लख्ख होतात. अमके तामण पणजीचे, तमका कलश काकूच्या लग्नातला, ही वंशावळ आपल्याला पाठ असते. तांब्याची स्वतःची वंशावळ मात्र आपण कधी विचारत नाही. खरे तर ती आपल्या माळव्यातूनच जाते.

उज्जैनहून मक्सीच्या रस्त्याला साधारण २५ किलोमीटरवर, छोटी काली सिंधच्या काठी कायथा हे गाव आहे. वराहमिहिराचे गाव म्हणून ते सांगितले जाते. १९६४ साली विष्णु श्रीधर वाकणकरांनी तिथले पांढरीचे टेकाड हेरले. भीमबेटकाच्या चित्रांमुळे वाकणकर सर्वांना ठाऊक आहेत. कायथा मात्र आपल्यातही फारसे कोणाला ठाऊक नाही. पुढच्या उत्खननात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आली. साच्यात ओतलेल्या तांब्याच्या दोन कुऱ्हाडी मिळाल्या आणि दोन मडक्यांत जपून ठेवलेल्या तांब्याच्या २८ बांगड्या. कोण्या घरच्या बाईने त्या अडीअडचणीसाठी ठेवल्या असतील, असे आमच्या मनात येते.

त्या काळी तांब्याचे मोठे भांडार होते राजस्थानच्या अरवलीत. सीकर जिल्ह्यातल्या एका गावी तांब्याची बाणाग्रे, मासे धरायचे गळ, छिन्न्या, बांगड्या अशा हजारांवर वस्तू निघाल्या. गावाचे नाव गणेश्वर! जवळच खेतडी आणि सिंघाना. सिंघान्याच्या खाणीचा उल्लेख ‘आईने अकबरी’त येतो, आणि तिथे जुन्या भट्ट्यांच्या मळीचे ढीगच्या ढीग आहेत. खेतडीच्या पट्ट्यात आजही तांबे निघते.

अडचण नेमकी हीच आहे. किल्ला पडका असला तरी किल्लाच दिसतो. मळीचा काळा ढीग म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला निव्वळ कचरा, आणि जुनी खाण म्हणजे नुसता खड्डा. शिवाय नवे खोदकाम बहुधा जुन्याच शिरेवर होते, कारण तांबे तिथेच असते. म्हणजे पूर्वजांची खूण पुसणारा कोणी परका नसतो, त्यांच्याच धंद्याचा वारस असतो.

ब्रिटनमधल्या वेल्सच्या किनाऱ्यावर ग्रेट ऑर्म नावाचा डोंगर आहे. तिथे मोटारी उभ्या करण्यासाठी जागा करायचे ठरले, तेव्हा १९८७ साली खाली साडेतीन हजार वर्षांपूर्वीची तांब्याची खाण सापडली. मोटारींचा बेत बाजूला पडला. १९९१ पासून लोक तिकीट काढून त्या बोगद्यांतून चालतात. खाणकऱ्यांची हाडांची हत्यारे आणि दगडी हातोडे तिथे हजारोंनी मिळाले. काही बोगदे इतके अरुंद, की त्यांत लहान मुलेच शिरत असावीत. हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि तिथे वाकून चालणे वेगळे.

गणेश्वर, खेतडी, सिंघाना अशी एक वाट आखता येईल. चार फलक, एक माहीतगार वाटाड्या आणि मळीच्या एखाद्या ढिगाला कुंपण, एवढ्यावर सुरुवात होते. तिची एक फांदी कायथ्यापर्यंत यावी, असे आम्हाला वाटते. तोवर एक साधी सूचना: मंडळाची पुढची सहल उज्जैनची ठरली, तर महाकालाच्या दर्शनानंतर बस तासभर मक्सीच्या रस्त्याला वळवू या. टेकाडावर पाहायला फार काही नाही. खापराचे तुकडे दिसले तर उचलून खिशात मात्र कोणी घालू नयेत.