कल्हईचा पहारा

पितळेच्या भांड्यात रात्रभर राहिलेले ताक सकाळी कळकते, हे मराठी घरातील मुलीला वरणभाताचे पहिले धडे गिरवतानाच ठाऊक होत असे. आणि हिरवट झाक धरलेले, जिभेला तुरट लागणारे ते ताक, कितीही दाट असले तरी, कोणाच्या पानात न वाढता परसात ओतून दिले जाई. धातूच्या विषाने अन्न बिघडण्याच्या क्रियेसाठी भाषेने एक स्वतंत्र क्रियापद राखून ठेवावे, ह्यावरूनच तो अनुभव आपल्या पूर्वजांच्या किती नित्य परिचयाचा होता आणि त्याचे भय त्यांनी किती खोलवर बाळगले होते, ह्याची कल्पना येते. त्या भयावर त्यांनी जो उपाय योजला तो कल्हई.

तांबे आणि जस्त ह्यांच्या मिश्रणाने पितळ सिद्ध होते, आणि चिंच, आमसूल, दही ह्यांतील आम्ल हवेच्या साहाय्याने त्यातील तांबे थोडेथोडे विरघळवीत असते. कथील मात्र ह्या आम्लांना सहसा दाद देत नाही, म्हणून भांड्याच्या आतल्या अंगास त्याचा कागदाहूनही पातळ लेप दिला की अन्नाचा आणि तांब्याचा संबंधच तुटतो. हे ज्ञान फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी ह्याने, असा लेप दिल्याने अन्नाची रुची सुधारते आणि तांब्याच्या जंगाचे विष आवरले जाते, असे नमूद करून ठेवले आहे. कल्हई हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला. त्याचा मूळ अर्थ कथील, आणि मलाया द्वीपकल्पातील ज्या बंदराकडून हा जिन्नस येई त्या ‘कलह’ नावाशी अनेक अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्याचा जो दस्तूर नोंदला आहे, त्यात खुद्द बादशहाच्या तांब्याच्या भांड्यांस महिन्यातून दोनदा आणि शाहजाद्यांच्या भांड्यांस एकदा कल्हई करण्याची मुदत मुक्रर केलेली आढळते. शत्रूच्या हातच्या विषाचा बंदोबस्त म्हणून ज्या मुदपाकखान्यातून थाळ्या मोहरबंद होऊन निघत, तेथेच भांड्याच्या अंगच्या विषाचाही असा हिशेब ठेवला जात होता.

रयतेच्या घरी असा हुकूम नव्हता, वहिवाट होती. ती चालविणारा कारागीर बहुधा मुसलमान असे, आणि सोवळ्याओवळ्याचा काटेकोर विचार करणाऱ्या घरांची भांडीही त्याच्याच हातून उजळून परत चुलीवर चढत. आमच्या आळीत तो आला की अंगणाच्या कोपऱ्यात हातभर खड्डा खणून, त्यात भात्याची नळी बसवून कोळसे पेटवी. त्याचा पोरगा वाळू घातलेल्या पातेल्यात उभा राहून, भिंतीला हात टेकून, कमरेपासून डावीउजवीकडे वळत पायांनी भांडे घासून काढी. मग सांडशीत धरलेले भांडे पुरते तापले की नवसागराची चिमूट आत पडे आणि पांढऱ्या धुराचा लोट उठून नाकाला झोंबे. पितळेवर चढलेला जारणाचा थर ह्या नवसागराने निघतो, आणि तो निघाल्यावाचून कथील धातूला धरत नाही. कथलाची कांडी तळाला टेकताच पाऱ्यासारखा थेंब धावू लागे, आणि कापसाचा बोळा घेऊन तो असा काही हात फिरवी की पापणी लवते न लवते तोच काळवंडलेला तळ चांदीसारखा लखलखे. भांडे पाण्यात बुडताना होणारा चर्र आवाज ऐकण्यासाठी आम्ही पोरे ताटकळत उभी राहत असू. दुसऱ्यांच्या पोटात विष जाऊ नये म्हणून तो धूर मात्र ते दोघे बापलेक रोज आपल्या छातीत घेत होते, हा विचार तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याही मनाला शिवला नाही, ह्याचे आज वाईट वाटते.

ह्या धंद्यात लबाडीही होती. कथील परदेशातून येणारे, म्हणून महाग, शिसे स्वस्त, आणि दोन्ही मिसळले म्हणजे मिश्रण कथलाहूनही कमी उष्णतेवर वितळते, म्हणून कामही लवकर उरकते. अशा कल्हईने तांब्याचे विष अडविले जाई, पण त्याहून दारुण असे शिशाचे विष आमटीत उतरे. शुद्ध कथलाची कांडी वाकविली तर करकर असा आवाज करते आणि शिसे मिसळले की तो आवाज मंदावतो, एवढीच काय ती परीक्षा जाणत्या माणसाच्या हाती होती.

१८९८ मध्ये आल्फ्रेड चॅटरटन ह्यांनी मद्रासच्या कलाशाळेत ॲल्युमिनियमची भांडी घडविण्यास प्रारंभ केला. पुढे पोलादाची भांडी आली, आणि कल्हईवाल्याची आरोळी विरळ होत गेली. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील १९५५ च्या नियमांनी, नीट कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यातील अन्न खाण्यास अयोग्य ठरविले खरे. पण सरकारी निरीक्षक उपाहारगृहापर्यंत पोचतो, घरातल्या चुलीपर्यंत पोचत नाही.

आणि घरातच अनर्थ चालू होता. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ग्रासणारा यकृताचा एक विकार, कलकत्त्यात १८८७ साली प्रथम वर्णिलेला, देशभर बालके ओढून नेत होता. पोट फुगे, यकृत दगडासारखे कठीण होई, कावीळ दिसू लागे, आणि काही घरांत एकामागून एक भावंडे त्याच वाटेने जात. विशेष हे की हा रोग दरिद्री कुटुंबांपेक्षा खेड्यांतील खाऊनपिऊन सुखी हिंदू घरांत अधिक आढळे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे ह्यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर ह्यांच्या सहकार्याने ह्या मुलांच्या आहाराचा शोध घेतला, आणि १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी कारण मांडले: तान्हेपणीच वरचे दूध सुरू झालेले, आणि ते दूध पितळेच्या भांड्यात तापविलेले व ठेवलेले. दुधातील केसीन तांब्याला घट्ट धरून ठेवते, ते तांबे बालकाच्या यकृतात साठत जाते. आणि दूध ताकासारखे हिरवे पडत नाही, त्यामुळे ज्या डोळ्यांनी व जिभेने पिढ्यान्‌पिढ्या घराची राखण केली त्यांना येथे इशाराच मिळाला नाही. पितळेची भांडी परवडत होती तीच घरे ह्या रोगाची शिकार का झाली, ह्याचा उलगडा त्यातच झाला. आणि कल्हई झिजत असताना ती पुन्हा करून देणारा दारी येईनासा झाला, ह्याचाही त्या मृत्यूंमध्ये वाटा असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आयांना अंगावर पाजण्याचा आणि दुधासाठी पितळ न वापरण्याचा सल्ला गावोगाव पोचला, स्वयंपाकघरांतील भांडीही पालटली, आणि हा विकार पुण्याच्या परिसरातून जवळजवळ नाहीसा झाला.

अलीकडे पितळेची भांडी पुन्हा हौसेने घेतली जात आहेत. आजीचे पातेले माळ्यावरून काढणार असाल तर आधी ते दारात नेऊन त्याचा तळ उजेडात पाहा. पिवळा धातू दिसत असेल तर त्यात बाळाचे दूध तापवू नका.